पायाशी मासा, नजर पल्याड

दिवाळीला भाचा पुण्याहून आला तेव्हा त्याच्या खांद्याला एक लांबट काळी पिशवी होती. आईला वाटलं, बॅट असेल. त्याने ती फराळाच्या ताटांशेजारीच उघडली. आतून तुकड्यातुकड्यांत सोडवलेली कार्बनची काठी निघाली, रीळ निघालं, तंगुसाची, म्हणजे गळाच्या नायलॉन दोऱ्याची गुंडाळी निघाली आणि प्लास्टिकच्या डबीतून रंगीत, डोळे रंगवलेले खोटे मासे निघाले. माळकरी घर आमचं. आईने डबी बोटाने बाजूला सारली आणि शंकरपाळ्यांवर झाकण ठेवलं, बोलली काहीच नाही. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही मामा-भाचे सुलवाडे बॅरेजच्या फुगवट्यावर पोचलो. तापी काठोकाठ भरलेली होती. पावसाळ्यानंतर बॅरेजचे दरवाजे पडले की ती अशीच दिसते, रुंद आणि सुस्त. भाच्याने काठी जोडली, दोन पावलं मागे सरकला आणि सगळ्या अंगाचा जोर लावून गळ फेकला. तंगूस शिट्टी वाजवत गेलं आणि पार मधोमध कुठेतरी पाण्यात पडलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मासा निघालाच.

थोडं खाली, बाभळीच्या बुडाशी एक म्हातारा बसलेला होता. त्याच्या हातात बांबूची काठी होती, रीळबीळ काही नव्हतं. त्याचा तरंगा काठापासून दोन-तीन हातांवर, पाण्यात बुडालेल्या गवताच्या कडेला उभा होता. भोई आळीतले नाना. मी त्यांना लहानपणापासून ओळखतो, ते मला माझ्या वडिलांच्या नावाने ओळखतात. भाच्याच्या चार-पाच फेकी त्यांनी बघून घेतल्या आणि मान न वळवता अहिराणीत म्हणाले, "मासा पायजोडे शे भाऊ, तू पल्याड काय फेकी ऱ्हायना?" मासा पायाशी आहे, तू पलीकडे काय फेकतोयस? भाचा हसला. मग मी विचारलं, "नाना, आज कुठं बसायचं मग?" तर ते जे बोलले ते माझ्या डोक्यात अजून घोळतंय. "मी बी आठे नवाच शे."

नाना इथे नवे? ज्यांच्या आजाने या काठावर जाळी विणली, ज्यांच्या डोंग्यात बसून आमच्या गावाने पूर पाहिला, ते नाना? त्या दिवशी मला तो विनयच वाटला. पण नंतर तापीवर गेलो की हे वाक्य आठवतं आणि प्रत्येक वेळी ते आणखी खरं वाटतं.

कारण नाना ज्या नदीत शिकले ती वाहती होती. मुलताईहून निघालेली तापी सुरतेच्या पुढे समुद्राला मिळेपर्यंत सव्वासातशे किलोमीटर जाते, आणि तिचा मधला मोठा पट्टा आमच्या खानदेशातून जातो. आमच्या लहानपणी उन्हाळ्यात ती आटून डोहांमध्ये गोळा व्हायची. मधल्या कोरड्या रेतीत टरबुजांच्या वाड्या लागायच्या. पायाला चटके देणारी रेती ओलांडून डोहाशी गेलं की एकदम गारवा आणि शेवाळाचा वास. प्रत्येक डोहाला नाव होतं. कुठे खडकाच्या कपारीत वाम असते, कुठे पाणी खळखळत उतरतं आणि त्याच्या पायथ्याशी मासे तोंड वर करून उभे राहतात, कुठे काठ खालून पोखरलेला आहे, हे सगळं भोई आळीतल्या पोरांना पाठ असायचं. मग आधी वर हतनूर धरण झालं, खूप नंतर खाली सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा ही बॅरेज झाली. नदीची एकापुढे एक तळी झाली. शेतीला पाणी मिळालं, विहिरी जगल्या, त्याबद्दल कुरकुर करायला माझी जीभ उचलत नाही. पण नानांच्या पाठ असलेल्या सगळ्या जागा बारमाही पाण्याखाली गेल्या. मासेही बदलले. वाहत्या पाण्यातले कमी झाले, साठलेल्या पाण्यात सोडलेले रोहू, कटला, मृगळ आले, आणि कुणी न बोलावता चिलापी आला तो सगळीकडे झाला. पन्नाशी ओलांडल्यावर नानांना ही नदी पहिल्यापासून शिकावी लागली. त्यांच्यात आणि माझ्या भाच्यात फरक इतकाच, की नानांना शिकायचं कसं ते माहीत होतं.

तर बसायचं कुठे, हा प्रश्न काठी कुठली घ्यायची यापेक्षा फार मोठा आहे. दुकानदार मात्र दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देतो, कारण त्याचे त्याला पैसे मिळतात.

साठलेल्या पाण्यात मधोमध सगळ्यात खोल असतं, म्हणून मोठा मासा तिथे, असं आपलं मन सांगतं. पण खायला काय आहे तिथे? तळापर्यंत ऊन पोचत नाही, वनस्पती उगवत नाही, किडे कमी. बरंचसं अन्न काठाला असतं. बुडालेलं गवत, ओली माती, झाडावरून टपकणारे किडे, म्हशी डुंबून गेल्यावर ढवळलेला गाळ. मासा काठाला येतो तो जेवायला आणि खोलात जातो तो लपायला. म्हणून या दोन्हींच्या मधली जागा शोधायची. उथळ पाणी जिथे एकदम खोल होतं, ती पायरी. तापीचे काठ उंच, गाळमातीचे, घळींनी फाडलेले. जिथे एखादी घळ किंवा नाला नदीत उतरतो तिथे पाण्याखालीही त्याची नळी पुढे गेलेली असते, आणि मासे त्या नळीने ये-जा करतात. पावसाने नाला वाहत असेल तर तो स्वतःबरोबर गांडुळं, बिया, कचरा घेऊन येतो. नाल्याचं गढूळ पाणी आणि नदीचं निवळ पाणी जिथे एकमेकांत मिसळतात त्या रेघेवर गळ टाकावा. ही रेघ डोळ्यांनी दिसते, तिला यंत्र लागत नाही.

आमच्याकडची आणखी एक जागा कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. तापीकाठी जागोजाग उपशाच्या मोटारी बसवलेल्या आहेत, कापूस आणि केळीसाठी. त्यांच्या पाइपाचा एखादा जोड गळत असतो आणि त्यातून पाण्याची बारीक धार पुन्हा नदीत पडत असते. उन्हाळ्याच्या दुपारी, पाणी कोमट आणि जड झालेलं असताना, त्या धारेखाली बारके मासे हटकून गोळा होतात. पडत्या पाण्यात हवा मिसळते ना. बारक्यांच्या मागे मोठे येतात. नानांनी मला ही जागा दाखवली आणि लगेच दुसरं बोट उचलून जमिनीवरची काळी वायर दाखवली. मोटारीच्या वायरी ओल्या मातीतून, कधी सांधे उघडे टाकून नेलेल्या असतात. पाय टाकण्याआधी खाली बघायचं. आणि भाच्यासारखी कार्बनची काठी असेल तर वरही बघायचं, कारण कार्बनमधून वीज जाते आणि शेतातल्या तारा उन्हाळ्यात चांगल्याच खाली लोंबतात. बांबू निदान कोरडा असेपर्यंत तरी दयाळू असतो.

वाऱ्याचं गणित मला सगळ्यात उशिरा पटलं, कारण ते आपल्या सोयीच्या विरुद्ध आहे. वारा पाठीवर घेऊन बसलं की गळ लांब जातो, डोळ्यांत धूळ जात नाही, तरंगा स्थिर राहतो. पण वारा पाण्याच्या वरच्या थराला ढकलत नेतो. त्याबरोबर तरंगणारे किडे, फुलोरा, सगळं समोरच्या काठाला जाऊन लागतं. जेवण तिकडे मांडलेलं आणि आपण इकडे. आमच्याकडे उन्हाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेचा, म्हणून तलाव असेल तर पूर्वेच्या काठाला, वाऱ्याला तोंड देऊन बसायचं. जळगावच्या मेहरूणसारख्या गावालगतच्या तलावातही संध्याकाळी कुठल्या काठाला फेस आणि पालापाचोळा लागलाय ते बघून वारा कुठून होता ते कळतं. थंडीत हेच उलटं करावं लागतं. डिसेंबर-जानेवारीत जळगाव-धुळ्याचा पारा दहाच्या खाली उतरला की गार वाऱ्याने थंडावलेला काठ मासा सोडतो. अशा वेळी वाऱ्याच्या आडोशाची, दुपारभर ऊन खाल्लेली जागा बरी.

खोली मोजायची युक्ती फुकटातली आहे. गळालाच शिशाचा गोळा अडकवून पाण्यात सोडायचा. तरंगा बुडाला तर तो वर सरकवायचा, आडवा पडला तर खाली आणायचा, आणि नुसतं डोकं वर ठेवून उभा राहिला की तेवढी खोली समजायची. नवीन जागी बसल्यावर पहिला अर्धा तास एवढंच केलं तरी चालेल. डावीकडे मोजा, उजवीकडे मोजा, पाण्याखालची जमीन मनात उभी राहते. भाच्याला हे फार कंटाळवाणं वाटलं. त्याच्या मोबाइलमधल्या चित्रफितींमध्ये हा अर्धा तास कापून टाकलेला असतो.

खोली कशाला हवी, तर माशाच्या तोंडासाठी. कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं, तो पृष्ठभागाजवळचं खातो. मृगळाचं तोंड खाली वळलेलं, तो तळ उकरतो. रोहू मधल्या थरात फिरतो. मासळीबाजारात गेलात तर विकत घेऊ नका हवं तर, पण तिघांची तोंडं नीट बघून या. ते एकदा पाहिलं की आमिष तळाला टेकवायचं, अधांतरी ठेवायचं, की वरच्या हातभरात तरंगत ठेवायचं, हे कुणाला विचारावं लागत नाही.

आमिषाच्या बाबतीत आमचं घर विचित्र अडचणीत सापडलं. मासा घरात शिजत नाही, पण माशाचं जेवण मात्र आमच्याच स्वयंपाकघरात तयार होतं. कणकेचा गोळा मळत होतो तर आई म्हणाली, "इतका सैल? पाण्यात गेला की सुटेल." मग तिनेच हात लावला. पीठ आधी गरम पाण्यात थोडं शिजवून घेतलं, वर चिमूटभर हिंग घातला, आणि भाच्याने सांगितल्यावरून बडीशेपेची पूडही घातली. पण खरी गोष्ट नानांची. काठावर त्यांनी कोटाच्या खिशातून कापसाचं बोंड काढलं, त्यातले धागे मोकळे करून त्या गोळ्यात मळले. पिठाला आतून दोरे मिळाले, आता चिलापीने कितीही टोचलं तरी गोळा गळावरून लगेच निसटत नाही. मंग मन्हा कापूसले इतका भाव कधी भेटना, असं काहीसं ते पुटपुटले, आणि त्यात विनोद किती आणि राग किती ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

नवशिक्याने मात्र गांडुळापासूनच सुरुवात करावी. रोहू, मृगळ, चिलापी, वाम, शिंगाडा, असा कुठला मासा आहे जो गांडुळाला नाही म्हणेल? केळीच्या बागेत ठिबकच्या नळीखाली, सडलेल्या केळीच्या पानांच्या थराखाली ती मिळतात. गोठ्याच्या मोरीच्या तोंडाशीही मिळतात. जिथे वर्षानुवर्षं नुसती रासायनिक खतं पडली त्या वावरात मात्र फावडं मारून मारून हात दुखतो. ओल्या मातीसकट डब्यात ठेवायची, डबा सावलीत ठेवायचा. आमच्याकडच्या मे महिन्यात उन्हात राहिलेला डबा म्हणजे दहा मिनिटांत सगळं संपलं. गळावर ओवताना पूर्ण झाकून टाकायचं नाही, शेपटाकडचा इंचभर भाग मोकळा वळवळत राहू द्यायचा. मला हे आजही सहज जमत नाही, म्हणजे बोटांना जमतं, मनाला नाही. पिठाचा गोळा लावताना मी शाकाहारी असतो, गांडूळ लावताना कोण असतो ते माहीत नाही.

तिसरं आमिष धान्याचं. ज्वारी, गहू किंवा मका रात्रभर भिजवून मऊ शिजवायचा. दाणा बोटांत दाबला की दबला पाहिजे, पण फुटून जाता कामा नये. मक्याचा दाणा बारक्या चिलापीच्या तोंडात सहजी मावत नाही, त्यामुळे मोठ्या माशापर्यंत टिकतो. याच्या जोडीला चारा, म्हणजे गळाला न लावता पाण्यात टाकायचं खाद्य. सरकीची ढेप रात्री भिजत घालायची, सकाळी तिच्यात मूठभर कोंडा कालवायचा आणि लिंबाएवढे गोळे करून जिथे गळ टाकणार तिथेच टाकायचे. ढेपीचा तो आंबूस, तेलकट वास म्हशीला जितका ओळखीचा तितकाच माशाला. पण हात आखडता ठेवावा. आपण माशाला बोलवायला आलोय, पंगत घालायला नव्हे, पोट भरलेला मासा गळाकडे बघत नाही. जास्त ढेप तळाशी कुजली तर पाणीही नासतं.

पद्धती म्हणाल तर सुरुवातीला दोनच पुरे आहेत. एक तरंग्याची. मोराचं गळून पडलेलं पीस असेल तर त्याची काडी, नाहीतर ज्वारीच्या धांड्यातला हलका गाभा, नाहीतर दुकानातला प्लास्टिकचा तरंगा. शिसं इतकंच लावायचं की तरंग्याचं फक्त टोक वर राहील. जाडजूड तरंगा उगाच मिरवतो, मासा ओढतो तेव्हा त्याला त्याचं वजन जाणवतं आणि तो आमिष थुंकून देतो. दुसरी पद्धत तळाची. जड शिसं, त्याच्या वर हातभर अंतरावर गळ, तरंगा नाही. काठी दोन फांदोऱ्यांवर टेकवून तंगूस जरासं ताणून ठेवायचं आणि टोकाकडे बघायचं. वारा फार असेल किंवा शिंगाडा-वाम हवी असेल तेव्हा ही बरी. गळाचे नंबर उलटे चालतात, आकडा मोठा तितका गळ बारीक. दहा-बारा नंबरचा गळ आणि पाव मिलिमीटरच्या आसपासचं तंगूस चिलापीपासून मध्यम रोहूपर्यंत सगळ्यांना पुरतं. गाठ आवळण्याआधी ती थुंकीने ओली करायची. कोरडी गाठ आवळताना घासून तापते, आणि मग ऐन वेळी तिथेच तुटते.

या सगळ्यात माझ्या आवडीचा भाग तरंग्याची भाषा शिकण्याचा. चिलापी टुकटुक करतो, तरंगा जागच्या जागी थरथरतो आणि बाजूला सरकतो. तेव्हा झटका मारू नये, आमिष अजून ओठांतच असतं. रोहू आधी एकदा हलकं विचारतो, मग तरंगा तिरका करत सरळ खाली नेतो. मृगळाची गंमत वेगळी. तो तळावरून आमिष उचलतो तेव्हा शिशाचं वजनही थोडं उचललं जातं, आणि तरंगा बुडण्याऐवजी वर येतो, आडवा पडतो. भाचा त्याला 'काही नाही, वारा आहे' म्हणत राहिला. नानांनी त्याच्या कोपराला नुसता धक्का दिला, काठी आपोआप उचलली गेली, आणि तंगूस ताठ झालं. पुढचा मिनिटभर त्या मुलाचा चेहरा मी बघत होतो, मासा नाही. शहरात वाढलेल्या त्या चेहऱ्यावर भीती, हाव आणि दया एकाच वेळी कशी मावली कोण जाणे.

त्याच्या खोट्या माशांना मी नावं ठेवणार नाही. मरळ हा शिकारी मासा आहे, हवा घ्यायला वर येतो, कमळवेली आणि पाणगवताच्या आडोशाला दबा धरतो. तिथे रबरी बेडूक गवतावरून हळूहळू ओढत आणला तर पाणी फुटल्याचा जो आवाज होतो, तो पिठाच्या गोळ्याच्या नशिबात नाही. पण त्यासाठीही आधी गवताची कड ओळखता आली पाहिजे. आणि मरळीच्या पिल्लांचा लालसर, बुडबुडत वर येणारा घोळका दिसला तर त्याच्या आसपास गळ टाकू नये. आई-बाप खाली राखण करत असतात, पिल्लांजवळ काहीही आलं तरी त्यावर धावतात. तिथे मासा मिळतो हे खरंच. म्हणूनच टाकू नये.

वेळेबद्दल सगळे पहाटेचं नाव घेतात. आमच्या उन्हाळ्यात ते अर्धंच खरं. पाण्यातल्या वनस्पती दिवसा प्राणवायू सोडतात आणि रात्री स्वतःच तो वापरतात, म्हणून शेवाळलेल्या उथळ तळ्यात अगदी झुंजूमुंजूला प्राणवायू सगळ्यात कमी असतो. मासे वर येऊन तोंड उघडतात ते भुकेने नव्हे, श्वासासाठी. सूर्य वर आल्यावर तासाभराने तिथे जास्त खातात. नदीच्या मोठ्या पाण्यात मात्र पहाट चांगली. पंचेचाळीस अंशांच्या दुपारी घरी झोपावं. थंडीत अगदी उलट, दुपारी बारा ते चार. बसताना सूर्य पाठीशी असेल तर आपली सावली पाण्यावर पडते. ती पडू देऊ नये, आणि काठावर धपधप चालू नये. माशाच्या अंगावरच्या रेषेला मातीतून आलेला धक्काही कळतो. नाना चालतात तेव्हा चपला हातात घेतात. मला आधी वाटायचं चिखलामुळे.

आता खायचं काय, हा प्रश्न. त्या दिवशीचा मृगळ नानांच्या पिशवीत गेला, ते ठरलेलंच होतं. आईने आम्हाला मागच्या दाराने घेतलं, बादलीभर पाणी ठेवलं, आणि मग ओट्यावरूनच विचारलं, "केवढा होता?" भाच्याने हात पसरून दाखवला. ती हसली आणि लगेच हसू पुसून टाकलं. आमच्या आजीच्या काळात तर नदीवरून आलेल्या पोराला तुळशीपाशी पाणी शिंपडून घेत. मी मासा खात नाही, पकडतो मात्र. काहींना हे ढोंग वाटतं, आणि त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नाही. सोडून देतो म्हटलं तरी माशाच्या ओठाला भोक पडतंच. निदान ओल्या हाताने धरतो, तापलेल्या वाळूवर टाकत नाही, कारण अंगावरचा बुळबुळीत थर निघाला की त्याला रोग लागतो. चिलापीला मात्र मी सोडत नाही. १९५२ साली तो बाहेरून आपल्या देशात आणला गेला आणि आता जिथे जाईल तिथे इतरांना जागा ठेवत नाही. तो ज्याला हवा त्याला देतो. शिंगाड्याला धरताना पाठीच्या आणि बाजूच्या काट्यांपासून सांभाळावं, दातेरी असतात, लागले की हात दिवसभर ठणकतो.

धरणं आणि मोठे तलाव मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. तिथले मासे त्यांनी बीज सोडून वाढवलेले असतात, त्यांचं पोट त्यावर आहे. रविवारी गाडी घेऊन येणाऱ्या हौशी माणसाने आधी संस्थेच्या माणसाला विचारावं, पावती असेल तर फाडावी. मला राग येतो तो मोठमोठ्या काठ्या घेऊन येणाऱ्या आणि काठावरच्या भोयाला 'ए, इकडे मासा लागतो का रे?' असं एकेरीत विचारणाऱ्यांचा. आणि तुटलेल्या तंगुसाचे गुंते तिथेच टाकून जाणाऱ्यांचा. हतनूरच्या जलाशयावर हिवाळ्यात लांबून पाहुणे पक्षी येतात, असल्या गुंत्यात पाय अडकलेला पक्षी सुटत नाही. सुरुंगाची कांडी फोडून किंवा विष कालवून मासे मारणाऱ्यांबद्दल काय बोलायचं? १८९७ च्या कायद्यापासून ते गुन्हा आहे, आणि तरी एखाद्या दुपारी लांबून तो आवाज येतो.

गिरणा नदीवर जायचं तर वेगळं भान ठेवावं लागतं. वाळू उपसून उपसून पात्रात खड्डे झालेत, वरून सपाट दिसणारं गुडघाभर पाणी पुढच्या पावलाला डोक्यावरून जातं. उन्हाळ्यात नदी आटली की उरलेले मासे याच खड्ड्यांत कोंडतात, आणि मग सगळ्यांना तिथेच गळ टाकावासा वाटतो. मी तिथे काठावरूनच बसतो, पाण्यात उतरत नाही. तापीकाठच्या उंच कड्यांवरही अगदी टोकाला बसू नये, खालून पाण्याने माती खाल्लेली असते. आणि पावसाळ्यात वर्तमानपत्रातली एक बातमी वाचल्याशिवाय नदीकडे जाऊ नये, हतनूरचे किती दरवाजे उघडले. एक्केचाळीस आहेत. आभाळ आपल्या गावावर निरभ्र असतं, पाऊस वर मेळघाटाकडे किंवा बऱ्हाणपूरच्या पलीकडे पडलेला असतो, आणि पाणी मात्र आपल्या पायाशी चढतं.

खरं तर पावसाळ्यात जायचंच नाही, हे मी पाळतो. पहिल्या पुराबरोबर रोहू, मृगळ, कटला अंडी घालायला निघतात, पोटं फुगलेली असतात. आमच्याकडे कौतुकाने सांगतात की श्रावणात मासे खात नाहीत ते याचसाठी, पूर्वजांना सगळं माहीत होतं. मला हे फारसं पटत नाही. अंडी घालण्याची धांदल मृग-आषाढापासूनच सुरू होते, आणि नेमक्या त्याच आषाढाच्या अमावस्येला गटारीचा बाजार सगळ्यात तेजीत असतो. अंड्यांनी भरलेला मासा त्या दिवशी जास्त भावाने जातो, गाभोळी म्हणून वेगळी मागून घेतात. श्रावण लागेपर्यंत माशांचं व्हायचं त्यातलं पुष्कळसं होऊन गेलेलं असतं. नानांना मी हे बोललो तर ते म्हणाले, "तुम्ही खातस नही, तुमले काय?" बरोबर आहे. पण आषाढात त्यांची जाळी आढ्याला टांगलेली मी पाहिली आहे. विचारलं तर म्हणाले, पाणी फार आहे.

भाच्याचा परवा फोन आला. तिकडे खडकवासल्याच्या बाजूला जायचं म्हणत होता, जागा कशी शोधू विचारत होता. मी म्हटलं, आधी कुणाची परवानगी लागते ते विचार, मग काठी गाडीतच ठेव आणि काठाने एक चक्कर मार. तो म्हणाला, मामा, कापसाचे धागे पाठव ना थोडे, इथे मेडिकलमधला कापूस पिठात नीट मिसळत नाही.